आधी मुकुट, मग चेहरा

१

“आधी मुकुट, मग चेहरा. लक्षात ठेव पद्मजा, उलटं कधी करायचं नाही. मुकुट डोक्यावर असताना चेहरा पुसला ना, तर ती धड देवी राहत नाही, धड बाईही राहत नाही.”

माईंनी हे मला निदान पन्नासदा तरी सांगितलं असेल. मला कुठे मुकुट घालायचा होता? आयुष्यात साध्या पावडरीपलीकडे मी तोंडाला काही लावलं नाही. तरी दर वेळी मी ‘हो माई’ म्हणायचे आणि जपमाळेचा मणी पुढे सरकवायचे. त्या ‘हो’चा उपयोग इतक्या उशिरा होईल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

माई म्हणजे जुन्या सिनेमातल्या कनकप्रभा. मुलुंड पूर्वेच्या आमच्या सोसायटीत माझ्या समोरच्या दारात सव्वीस वर्षं राहिल्या. मुलं त्यांना देवीआजी म्हणायची. यंदा गौरी विसर्जनाच्या दिवशी झोपल्या, त्या पुन्हा उठल्या नाहीत. पंच्याऐंशी वर्षांच्या होत्या. रडले मी, पण असं मरण मागून मिळत नाही, हेही मनात होतं.

त्यानंतर अकराव्या दिवसाची सकाळ. मी तुळशीला पाणी घालत होते, तेवढ्यात समोरून निहारचा आवाज आला. निहार म्हणजे माईंचा भाचा, पवईला एका मोठ्या कंपनीत साहेब आहे. एरवी त्याचा आवाज लिफ्टपर्यंतसुद्धा पोचत नाही.

“नलिनीताई, मुकुट कुठाय?”

मी तशीच पाण्याचा तांब्या हातात घेऊन गेले. माईंच्या खोलीत, त्यांच्या पलंगासमोरच्या टेबलावर अंथरलेल्या मखमलीवर एक लाकडी मुंडकं असतं. त्यावर देवीचा मुकुट आणि मुकुटावर जांभळं मखमली कापड. पाहुणे आले की माई सांगायच्या, मग नलिनी कापड काढायची. बाकी वेळ झाकलेलं. दादरला जुन्या सिनेमांचं प्रदर्शन भरायचं होतं, तिथे द्यायला म्हणून निहारने आज कापड उचललं, तर खाली मुंडकं बोडकं.

नलिनी गेली सोळा वर्षं माईंची देखभाल करत होती. पन्नाशीची, सावंतवाडीकडची, एकटी बाई. तिच्या ओल्या हातातून पाणी टपकत होतं. ते पुसायचंही तिला सुचत नव्हतं.

“दादा, मी कापडाला हात नाय लावला. आजींची शप्पथ.”

“आत्या गेल्यापासून या घरात चोवीस तास कोण होतं? तुम्हीच ना? किल्ली कोणाकडे? तुमच्याचकडे.” निहार भांडखोर नाही. म्हणूनच त्याचं ते थंड बोलणं जास्त लागलं. “तेराव्यापर्यंत मुकुट जागेवर आला तर मी एक शब्द बोलणार नाही. नाही तर चौदाव्या दिवशी पोलिसांत जाईन. आणि तुमच्या नव्या कामाच्या लोकांना आजच कळवतो, थांबा म्हणून.”

नलिनीला घाटकोपरला एका आजारी आजोबांकडे काम मिळालं होतं. चोर म्हणून एकदा नाव झालं, की या बायकांना मुंबईत कोणी दारात उभं करत नाही.

मला बोलायचं होतं. पण माझा नेम आहे, पहाटे उठल्यापासून पोथीचा अध्याय होईपर्यंत मौन. सदतीस वर्षं मोडला नाही. मी गप्प उभी राहिले आणि गप्प माणसाचं होतं तेच झालं, नजर हिंडायला लागली.

मुंडक्याखालच्या मखमलीवर तांदळाचे सात दाणे होते. लाल रंगाचे.

२

मुकुट सोन्याचा नव्हता हे आधी सांगते. कागदाचा लगदा, डिंक, वरून वर्ख आणि काचेचे मणी. पण माईंचं सगळं आयुष्य त्याच्याखाली गेलं.

त्यांचं खरं नाव रुक्मिणी. वडील लालबागच्या गिरणीत, मूळ गाव कोकणात. घरात खाणारी तोंडं सात, म्हणून सोळाव्या वर्षी अंधेरीच्या एका स्टुडिओत गर्दीत उभी राहायला जाऊ लागली. चार वर्षांनी एका निर्मात्याने तिला ‘सागरगौरी’ नावाच्या सिनेमात देवी केली, नाव कनकप्रभा ठेवलं. मनोरीच्या किनाऱ्यावर चित्रीकरण. समुद्रातून देवी वर येते असा प्रसंग. माई सांगायच्या, “मी पाण्यातून बाहेर आले, थंडीने दात वाजतायत, आणि समोर गावातल्या बायका नारळ घेऊन उभ्या! एकीने माझी ओटी भरली. मी म्हटलं, अगं, मी रुक्मिणी. तर म्हणते, हो, हो, देवीला शंभर नावं असतात.”

सिनेमा तुफान चालला. लोक थिएटरात चपला काढून बसायचे. आणि तिथेच माईंची वाट लागली, हा त्यांचाच शब्द. पुढे सत्तावीस सिनेमे केले, एकवीस देव्या. एकदा हट्टाने एका टायपिस्ट बाईची भूमिका केली, तिला नायक एक थप्पड मारतो. नागपूरला लोकांनी पडदाच फाडला. “लग्नाला एक स्थळ आलं होतं,” त्या हसत सांगायच्या. “मुलगा बघायला आला आणि पाया पडून गेला.”

आणखी एक गोष्ट त्या सांगायच्या, तेव्हा मात्र हसायच्या नाहीत. मनोरीला मुहूर्ताच्या दिवशी निर्मात्याने खरे भटजी आणले होते. त्या भल्या माणसाने गणपतीची करावी तशी मुकुटाची प्राणप्रतिष्ठाच केली. शेवटच्या दिवशी वादळाची बातमी आली. सगळे सामान गाडीत कोंबून पळाले. देवाला बसवलं, उठवायचं राहून गेलं.

“पासष्ट वर्षं झाली, पद्मजा. माझ्या डोक्यावरून कोणी तिला उतरवलीच नाही.”

मी म्हणायचे, माई, असं काही नसतं. त्या म्हणायच्या, तू रोज उपास करतेस आणि मला सांगतेस असं काही नसतं?

३

अध्याय संपवून, मौन सोडून मी परत समोर गेले. निहार कामावर निघून गेला होता. नलिनी ओट्याजवळ खाली बसली होती.

“नलिनी, गौरी विसर्जनाच्या दिवशी काय काय झालं, सगळं सांग. क्षुल्लक वाटेल तेसुद्धा.”

“ताई, मी घेतलं असतं तर...”

“तू घेतलंस का, हे मी विचारलंच नाही.”

तिने डोळे पुसले. “सकाळी वेणीफणी केली. पावडर, काजळ, मोठं कुंकू. रोजच्यासारखं. दुपारी तो पोस्टरवाला मिहिर आला. आजींनी कापड काढायला सांगितलं, त्याने फोटो घेतले, गेला. मीच परत कापड घातलं. चारला दत्तारामकाका आले.”

दत्ताराम म्हणजे माईंचे ड्रेसवाले. हा मुकुट त्यांनीच वयाच्या सतराव्या वर्षी बनवला होता. दर गौरीला भांडुपहून भेटायला येत.

“हातात काही होतं?”

“कापडी पिशवी. दर वेळी असते. त्यात डबा. मी म्हटलं, काका, काय आणलंत? तर म्हणाले, तुज्यासाठी नाय. मग आजी म्हणाल्या, नलिनी, खोकल्याचं औषध आण, पश्चिमेच्या दुकानातून. मी म्हटलं, अहो बाटली भरलेली आहे. तर म्हणतात, भरलेली आहे म्हणून काय झालं? आण.” ती ओशाळून हसली. “परत आले तर काका जिन्यात होते, निघालेले. आजी बसलेल्या. डोळे रडून लाल, पण चेहरा असा... कसं सांगू, गाठोडं उतरवून ठेवलेल्या बाईसारखा. म्हणाल्या, नलिनी, तोंड पूस माझं. सगळं काढ. मी म्हटलं, कुंकू राहू दे. नाही म्हणाल्या, सगळं. मग मऊ भात खाल्ला. दोन घास जास्तच.”

“नेहमी पुसायच्या?”

“कधीच नाही. सोळा वर्षांत नाही. झोपताना पण कुंकू लागायचं.”

मला तेव्हाच उमगायला हवं होतं. पण मी त्या सात दाण्यांमध्ये अडकले होते.

संध्याकाळी मिहिर स्वतःच आला. निहारने त्यालाही फोन केला होता. जुन्या सिनेमाच्या वस्तू जमवणारा हा तरुण व्यापारी, घरात पोस्टरं इतकी की बायकोने म्हणे सांगून ठेवलंय, आता एक तर तू नाही तर ती.

“काकू, खोटं कशाला बोलू? पाच वर्षं मागतोय मी मुकुट. त्या दिवशी पण मागितला. देवीआजी हसल्या. म्हणाल्या, ‘उद्या विचार.’ मी खूश! दुसऱ्या दिवशी फोन करतो तर...” त्याने मान खाली घातली. मग मोबाईल पुढे केला. “हा बघा फोटो. वेळ बघा, बारा चाळीस.”

फोटोत मुकुट होता, मागच्या आरशात त्याची बांधलेली लाल नाडीही दिसत होती.

“म्हणजे दुपारी पाऊण वाजेपर्यंत होता,” मी म्हटलं.

“निहारभाई पण तेच म्हणतात. शेवटच्या दिवशी होता. आणि आजी तर दिवसभर पलंगावर, मुकुटाच्या बरोबर समोर. त्या जाग्या असताना त्यांच्या डोळ्यांदेखत कोण नेणार? म्हणजे नेला तो नंतर. आणि नंतर घरात...” त्याने स्वयंपाकघराकडे पाहिलं.

हिशेब अगदी सरळ होता. तो जितका सरळ, तितकी नलिनी खोल जात होती.

४

बाराव्या दिवशी सकाळी, मी पोथी उघडण्याआधीच शर्मिष्ठा माझ्या दारात. निहारची बायको. मनाने चांगली, पण तोंडाला विश्रांती नाही. माझं मौन आहे हे ठाऊक असूनही बोलत सुटली. मला वाटतं, ठाऊक होतं म्हणूनच.

“पद्मजाकाकू, मला रात्रभर झोप नाही. नलिनीने आत्यांचं हागलं-मुतलं काढलंय हो. मला नाही जमलं ते. आणि आता आम्ही तिलाच... पण निहार म्हणतो, मग गेला कुठे? पंख फुटले मुकुटाला?”

मी तिचा हात धरला आणि तिला माईंच्या खोलीत नेलं. मुंडक्याखालच्या दाण्यांकडे बोट केलं.

“तांदूळ? उंदीर असतील.”

मी एक दाणा उचलून तिच्या तळहातावर ठेवला. मग दुसरा. मग तिसरा. ती पाहत राहिली. “अख्खे आहेत सगळे. एकही कणी नाही. आणि कुंकवात घोळलेत... काकू, या अक्षता आहेत?”

मी मान हलवली आणि मखमलीवरचा एक पांढरा, वाळून खडबडीत झालेला ठिपका दाखवला. मी स्वतः वाकून वास घेऊ शकले असते, पण भाद्रपदात मी दही सोडते, तेव्हा वासालाही टाळते. शर्मिष्ठाने नखाने खरवडून नाकाशी नेलं.

“ईऽ, आंबूस! दही. नलिनीने खाताना सांडलं असेल.”

मी इतक्या जोरात मान हलवली की ती दचकली. माईसुद्धा चातुर्मास पाळायच्या. नलिनीही त्यांच्याबरोबर पाळायची. या घरात गणपती नाही, गौर नाही. भाद्रपद लागल्यापासून या फ्रीजमध्ये दही आलंच नव्हतं. मुंडक्यावर मुकुटाची लाल नाडी मात्र तिथेच होती. तोडलेली नव्हती. सोडवून, दोन बोटांवर मराठी चाराच्या आकड्यासारखी गुंडाळून, शेवटचं टोक आत खोवून ठेवलेली. घाईत असलेला चोर असं काही करत नाही.

घरी येऊन पोथी उघडली, पण डोळे ओळींवरून नुसते सरकत होते. अक्षता आणि दही. गणपती निघताना आपण काय करतो? मूर्तीवर अक्षता टाकतो, हातावर दही ठेवतो, मूर्ती जागेवरून जराशी हलवतो. उत्तरपूजा. मुकुट नेणाऱ्याने आधी त्याची उत्तरपूजा केली होती.

म्हणजे नेणारा माणूस श्रद्धेचा. पण श्रद्धेची तर नलिनीही आहे. निहार म्हणेल, मग तिनेच केली, माई गेल्यावर.

माई गेल्यावर...

मी पोथी तशीच उघडी ठेवून उठले. सदतीस वर्षांत पहिल्यांदा अध्याय अर्ध्यावर राहिला. सुतक! माई गेल्या त्या क्षणापासून त्या घराला सुतक होतं. मी स्वतः त्यांच्या देव्हाऱ्यावर कापड टाकलं होतं. कुंकवाची डबीसुद्धा त्या घरात उघडली नव्हती. ज्याला उत्तरपूजा माहीत आहे, तो सुतकाच्या घरात पूजा मांडेल? प्राण गेला तरी नाही.

मग मुकुट गेला तो माई जिवंत असताना. जाग्या असताना. त्यांच्या डोळ्यांदेखत.

आणि लगेच तो आवाज कानात आला, पोथीपेक्षा स्पष्ट. आधी मुकुट, मग चेहरा.

५

मौन संपवायला घाईघाईने उरलेला अध्याय वाचला, देवाची क्षमा मागितली आणि नलिनीला घेऊन रिक्षाने भांडुपला गेले. दत्ताराम बातमी कळूनही माईंच्या अंत्यदर्शनाला आले नव्हते. फोन उचलत नव्हते. निहारला त्याचं वाईट वाटलं होतं. मलाही.

टेकडीच्या पायथ्याची बैठी चाळ. दाराला कुलूप. शेजारच्या बाईने पापड वाळत घालता घालता सांगितलं, “काका? सकाळीच गेले की. पिशवी छातीशी धरून. मी म्हटलं, एवढ्या सकाळी कुठे? तर बोललेच नाहीत.”

उशीर झाला होता. मुकुट पाण्यात गेला असेल, तर माझ्याजवळ काय उरलं? सात दाणे आणि वाळलेलं दही. त्यावर निहार विश्वास ठेवेल? पोलीस ठेवतील? नलिनी माझ्याकडे बघत होती. तिला मी अजून काहीच सांगितलं नव्हतं.

आम्ही पायरीवर बसलो. मी जप सुरू केला. दुसरं काय करणार?

तीन माळा झाल्या असतील. बोळाच्या टोकाकडून एक म्हातारा सावकाश येताना दिसला. अंगात पांढरा सदरा, छातीशी पिशवी. जवळ आला तरी मी ओळखलं नाही. डोकं आणि मिशी पूर्ण उतरवलेली होती, घरातलं कोणी गेल्यावर उतरवतात तशी.

“काका!” नलिनी उठून उभी राहिली.

दत्ताराम थांबले. “तुम्ही दोगी? हयसर? कित्या?” मग म्हणाले, “देवळात गेलेलंय. बाहेरसूनच नमस्कार केलंय, आत कसो जातलंय?”

मी पिशवीकडे पाहिलं. “काका, त्यात काय आहे?”

त्यांनी पिशवी आणखी घट्ट धरली.

६

त्या दुपारी माईंच्या खोलीत आम्ही सहा जण होतो. निहार सुट्टी टाकून आला होता, मिहिरला मी मुद्दाम बोलावलं होतं. दत्तारामकाका खुर्चीवर बसायला तयार होईनात, शेवटी माईंच्या पलंगाला टेकून खाली बसले. पिशवी मांडीवर.

मी मोठ्याने बोलायची सवय नसलेली बाई. तरी सगळं क्रमाने सांगितलं. अक्षता, दही, सुतक.

“काकू, तुमच्या भावना मला समजतात,” निहार म्हणाला. “पण सुतक हा पुरावा नाही.”

“नाही. म्हणून चेहरा आहे. तुझी आत्या तुला काय सांगायची? मेकअप उतरवताना?”

तो मग अडखळत म्हणाला, “आधी मुकुट... मग चेहरा.”

“शेवटच्या संध्याकाळी तिने नलिनीकडून चेहरा पुसून घेतला. कुंकवासकट. सोळा वर्षांत पहिल्यांदा. ती बाई मुकुट समोर असताना चेहरा पुसेल?”

निहारने बोडक्या मुंडक्याकडे पाहिलं.

“म्हणजे चेहरा पुसायच्या आधी मुकुट उतरला होता. पाऊण वाजता मिहिरच्या फोटोत तो आहे. मधे नलिनीला आत्याने स्वतः घराबाहेर पाठवलं, भरलेल्या बाटलीसाठी. तेवढ्या वेळात खोलीत दोनच माणसं होती. मिहिर म्हणाला होता ना, ती जागी असताना तिच्या डोळ्यांदेखत कोण चोरणार? बरोबर आहे त्याचं. कोणीच चोरलं नाही. तिनेच दिला.”

“‘उद्या विचार,’” मिहिर पुटपुटला. “म्हणून हसल्या! उद्या तो इथे नसणार हे त्यांना माहीत होतं. झकास फसवलं मला.”

“आणि ती नाडी,” मी म्हटलं. “माई सांगायच्या, दत्ताराम नाडी तोडत नाही, दोन बोटांवर गुंडाळून टोक आत खोवतो, दुसऱ्या दिवशी लागते म्हणून.”

सगळ्यांनी म्हाताऱ्याकडे पाहिलं. त्यांनी पिशवीतून धुतलेल्या पंचाचं बोचकं काढलं आणि आतल्या वस्तूला बोट न लावता सोडलं. मुकुट. वर्ख उडालेला, मण्यांच्या जागी नुसती भोकं.

शर्मिष्ठाने तोंडावर हात ठेवला. निहार नलिनीकडे बघू शकेना.

“माका कोणी सांगूक नाय रे बाबा,” दत्ताराम म्हणाले. “नलिनीवर आळ इलो ह्या माका आज कळला. नाय तर पयल्याच दिवशी धावत इलंय असतंय. बाईंनी शब्द घेतलो. म्हणाल्या, दत्ताराम, तू चढवलंस, तूच उतरव. माका एकदा नुसती रुक्मिणी होऊन निजायचा आसा. मगे घेऊन जा मनोरीक, जयसून वर इली थंयच सोड. कोणाक सांगा नको, भाचो माजो चांगलो हा, पण तो पेटीत ठेवतलो.”

निहारचे कान लाल झाले.

“मी दही घेऊन इलंय, अक्षता टाकलंय. तो हलवलंय ना जागेवरसून, बाई अशी रडली... आणि मगे हसली. म्हणाली, मान हलकी झाली रे.”

“पण मग दुसऱ्याच दिवशी का नाही गेलात?” मी विचारलं. हे एकच मला उमगलं नव्हतं.

“दुसऱ्या दिवशी बाई गेली. माका सुतक लागला. सुतकात देवीक हात कसो लावतलंय? तेरावा होऊक होया. तोवर देवळाक बाहेरसून नमस्कार, तेवढोच. कोणाच्या दारात नाय, फोन नाय.”

“दत्तारामकाका,” निहार हलकेच म्हणाला, “तुम्हाला कसलं सुतक? तुम्ही नात्यातले नाही.”

म्हाताऱ्याने भादरलेल्या डोक्यावरून हात फिरवला. “रक्ताचो नाय मी. पण पासष्ट वर्सां तिच्या डोक्यावर मुकुट मी बांधलंय. त्या नात्याक काय म्हणतत, ता माका म्हायत नाय.”

मग निहार उठला, नलिनीसमोर जाऊन उभा राहिला.

“नलिनीताई... मी... त्या घाटकोपरच्या लोकांना मी आत्ता फोन करतो. तुमच्यासमोर. चूक माझी होती असं सांगतो.”

“आधी चहा घ्या दादा,” नलिनी म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावून आत पळाली. स्वयंपाकघरातून बराच वेळ नळाचा आवाज येत राहिला. कपबशा तेवढ्या नव्हत्याच.

“आणि मणी?” मिहिरला राहवेना.

दत्तारामांनी सदऱ्याच्या खिशातून औषधाची एक बाटली काढली. काचेचे लाल-हिरवे मणी. “त्याच रात्री काढून ठेवलंय. समुद्रात काच टाकू नये. पोरां अनवाणी धावतत.” त्यांनी बाटली निहारच्या हातात दिली. “ह्या तुज्या प्रदर्शनाक. देवी मी न्हेतंय, शोभा तू ठेव.”

मुंडकं, नाडी आणि मण्यांची बाटली दादरला जातील असं ठरलं. मिहिर म्हणाला, बोडकं मुंडकं बघायला जास्त गर्दी होईल. शर्मिष्ठाने त्याला डोळे दाखवले.

७

तेराव्याला दत्तारामकाका पहिल्या पंगतीत बसले, निहारच्या शेजारी. निहारनेच त्यांना हाताला धरून बसवलं.

चौदाव्या दिवशी उजाडताना मी तुळशीपाशी होते. समोरचं दार उघडलं. काका मुलुंडलाच मुक्काम करून होते. स्नान झालेलं, कपाळाला गंध, हातात पंचाचं बोचकं. मागे नलिनी. तिच्या पिशवीत दह्याचा डबा, फुलं आणि काकांच्या चपला. देवी हातात असताना ते चप्पल घालणार नव्हते. घाटकोपरचं काम सोमवारपासून होतं, तोवर ती मोकळी.

निहार गाडीची किल्ली घेऊन बाहेर आला. “काका, मार्वेच्या धक्क्यापर्यंत मी सोडतो.”

“नको रे बाबा. पयल्या येळेक मी तेका मांडयेर घेऊन गेलेलंय. आजही तसोच जातंय. तू निज.”

निहारने किल्ली खिशात टाकली. खाली वाकून त्याने बोचक्याला डोकं टेकवलं आणि मग काकांच्या पायांना हात लावला.

काका माझ्याकडे वळले. “येतंय गे बाय. दुपारच्या बोटीन परत.”

माझं मौन होतं. मी तांब्या खाली ठेवला आणि हात जोडले. त्यांना ते पुरलं.

लिफ्ट होती, पण ते जिन्याने उतरले. एक हात कठड्यावर, एक बोचक्याखाली. नलिनी त्यांच्या दोन पायऱ्या पुढे उलटी उतरत होती, पडले तर धरता यावं म्हणून. खाली फाटकाशी रिक्षा थांबल्याचा आवाज आला. मी कठड्यावरून वाकून पाहिलं. काका आत बसले, बोचकं मांडीवर ठेवलं आणि पडदा हाताने सरकवून धरला, वारा लागू नये म्हणून.

रिक्षा वळली. मी आत जाऊन पोथी उघडली, परवा अर्ध्यावर तुटलेला, घाईत उरकलेला अध्याय पुन्हा पहिल्या ओवीपासून वाचायला.